दहावं ध्येय खाटेखाली

डोळे मीट. वाचता वाचता डोळे मिटता येत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून आधी पुढची चार वाक्यं वाच आणि मग मीट.

तुझ्या घराच्या दाराबाहेर एक उंट उभा आहे असं समज. उंटाने सदरा घातला आहे. सदऱ्याला दोन खिसे आहेत आणि दोन्हींना भोकं पडली आहेत, त्यामुळे उंट खिशात जे काही ठेवतो ते खाली पडतं. उंटाच्या तोंडावर कसलाही भाव नाही.

दिसला? मग काम झालं. जगातल्या देशांनी एकत्र बसून दोन हजार तीस सालापर्यंत गाठायची सतरा ध्येयं ठरवली आहेत. त्यातलं पहिलं कोणतं, असं मी तुला उद्या विचारलं, तर आधी तुला उंट आठवेल, मग भोकं पडलेले खिसे, आणि मग तू म्हणशील, 'गरिबी संपवणे.' दुसरं ध्येय हवं असेल तर शेजारच्या दारात दुसरं चित्र ठेवायचं. असं एकेका दारात एकेक चित्र ठेवत जायचं आणि आठवायची वेळ आली की मनातल्या मनात त्या गल्लीतून चालत जायचं. एवढीच युक्ती आहे. ती फार जुनी आहे आणि तिला वही लागत नाही.

ही युक्ती मी सुरतेत गोडादऱ्याला आमच्या गल्लीतल्या गायत्रीला शिकवली. मी महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. संध्याकाळी माझ्या ओट्यावर मुलं येतात. गायत्री सातवीत होती. तिचे वडील दत्तू लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात पाळीवर जातात आणि आई सुवर्णा घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. सगळं घर म्हणजे एक खोली. तिच्यात एक खाट, एक शेगडी आणि लोकांच्या साड्या.

गायत्रीला शाळेत 'बफरिंग' म्हणत. पंधरा ऑगस्टला ती भाषणाला उभी राहिली, 'आदरणीय' म्हणाली आणि थांबली. पुन्हा 'आदरणीय' म्हणाली आणि पुन्हा थांबली. तिच्या वर्गातला निखिल मागून म्हणाला, "बफरिंग चालू आहे, नेट स्लो आहे." त्या दिवसापासून तिला हजेरीखेरीज कुणी गायत्री म्हटलं नाही. फळ्याकडे जाताना बफरिंग, डब्याच्या वेळी बफरिंग. एकदा तर नव्या बाईंनीही चुकून तेच म्हटलं.

म्हणून सतरा ध्येयांच्या पाठांतराची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा गायत्रीने स्वतः जाऊन नाव दिलं. शहरातल्या सगळ्या शाळांची मुलं मोठ्या सभागृहात येणार होती. स्टेजवर एकट्याने उभं राहून सतरा ध्येयं क्रमाने सांगायची होती. वर्गातली मुलं बघायला येणार होती. निखिलही येणार होता.

"सर, मला नंबर नको," ती मला म्हणाली. "मला फक्त सतरापर्यंत पोचायचं आहे."

आम्ही गल्लीतून फिरून जागा ठरवल्या. गायत्रीचं घर गल्लीच्या बंद टोकाला. तिथून निघालं की पहिलं दार सुंदराबाईंचं. तिथे उंट ठेवला. दुसरी पुष्पाबाईंची खानावळ. तिथे रिकामं पातेलं ठेवलं, माणसाएवढं मोठं, दिवसभर जांभया देणारं. म्हणजे भूक. पुढच्या दारांशी आरोग्य, शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता यांची सोय झाली. सहावं ध्येय शुद्ध पाण्याचं, ते आपोआप नळावर गेलं. ऊर्जा विजेच्या डब्यावर बसली. आठवं चांगल्या कामाचं, ते लूमच्या फाटकात, आणि नववं उद्योगाचं, ते एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर.

दहावं ध्येय म्हणजे विषमता कमी करणे. ते अलकाताईंच्या दारात ठेवलं. गल्लीत टाइल लावलेलं दोन मजली घर त्यांचं एकट्यांचं आहे. त्यांचे मिस्टर दिलीपभाई साड्यांचा टेम्पो चालवतात, म्हणजे माणूस ठेवून चालवून घेतात. तिथे गायत्रीने एक माणूस उभा केला. त्याच्या एका पायात उंच टाचेचा बूट, दुसऱ्यात झिजलेली रबरी चप्पल. त्यामुळे तो कायम तिरका चालतो. मला ते चित्र आवडलं.

असं करत कचऱ्याचा कोपरा, धर्मेंद्रची चहाची टपरी आणि खाडीवरचा पूल घेत आम्ही रस्त्यावरच्या पोलीस चौकीशी शांतता आणि न्याय ठेवला. त्यापुढच्या रिक्षा स्टँडवर सतरावं ध्येय भागीदारीचं, कारण तिथे रिक्षा शेअरमध्येच मिळते.

गायत्री रोज संध्याकाळी सराव करू लागली. ती एकेका दारासमोर उभी राही, डोळे मिटे, ओठ हलवी आणि पुढे जाई.

आता तू सुंदराबाई आहेस असं समज. तू ओट्यावर भाजी निवडते आहेस. शेजारची पोरगी रोज दिवेलागणीला तुझ्या उंबऱ्याशी येते, डोळे मिटून काहीतरी पुटपुटते आणि न बोलता निघून जाते. एके दिवशी ती गेल्यावर तुला पायरीवर पिळलेलं अर्धं लिंबू दिसतं. ते लिंबू खानावळीतल्या गिऱ्हाइकाने फेकलेलं आहे, पण हे तुला माहीत नाही. तुझ्या माहेरी खानदेशात, माणसावरून लिंबू ओवाळून त्याची पीडा दुसऱ्याच्या वाटेवर टाकतात. त्याला उतारा म्हणतात. तू काय करशील?

सुंदराबाईंनीही तेच केलं. त्या चिमट्यात लिंबू धरून माझ्या ओट्यावर आल्या. मागे पुष्पाबाई होत्या, कारण सुंदराबाई चिमटा घेऊन कुठे चालल्या आहेत हे त्यांना बघायचं होतं. रागावल्या की सुंदराबाई अहिराणीत येतात.

"मास्तर, हाई पोर मना दारले काय टाकी ऱ्हायनी?"

गायत्री माझ्या शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "काही टाकत नाही. ती अभ्यास करते आहे."

"दारात उभं राहून? पुस्तक कुठे आहे?"

"पुस्तक नाही मावशी," गायत्री म्हणाली. "तुमच्या दारात मी गरिबी ठेवली आहे."

मुलं खरं बोलतात ते चांगलंच आहे. फक्त कधीकधी ती मोठ्यांना पुढचं वाक्य बोलायला वेळ देत नाहीत.

"मना दारले गरिबी?" सुंदराबाईंच्या हातातून चिमटा पडला. "मना दारले?"

"खरी नाही मावशी. उंट आहे."

"उंट पण आहे!"

मी त्यांना बसवलं आणि युक्ती समजावून सांगितली. ध्येय गरिबी आणण्याचं नसून संपवण्याचं आहे, हेही सांगितलं. सुंदराबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "संपवायची असेल तरी आधी ती यावी लागेल ना? मग ती माझ्याच दारात का येईल?"

तोवर पुष्पाबाईंना वेगळीच शंका आली होती.

"माझ्याकडे काय ठेवलंय गं?"

गायत्रीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला ती 'सांग' अशी वाटली.

"भूक."

"खानावळीत? भूक?" पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, गिऱ्हाइकाने ऐकलं तर जेवायला येईल का माझ्याकडे?"

"मावशी, भूक लागल्यावरच येतात ना?"

"येताना असते. जाताना नसते. माझ्या दारात जाताना बघायचं."

दुसऱ्या दिवसापर्यंत बातमी गल्लीभर झाली. कोणाच्या दारात काय आहे याची चौकशी सुरू झाली. ज्यांना आरोग्य मिळालं होतं ते गप्प राहिले. शिक्षणवाले जरा ताठ चालू लागले. त्यांच्या वैभवने दहावीची परीक्षा दोनदा दिली होती आणि तिसऱ्यांदा देणार होता; त्याने लगेच दारात बसून मोबाइल बघायचं सोडून चार्जर घरात नेला. संध्याकाळी अलकाताई आल्या. त्या भांडत नाहीत. त्या हसतात.

"गायत्री, बेटा, गल्लीत इतकी घरं. विषमतेला आम्हीच दिसलो का?"

"काकू, तुमच्या घराला टाइल आहेत म्हणून..."

"टाइल सेलमध्ये घेतल्या बेटा. हप्त्याने." अलकाताई हसल्या. "आणि तो तिरका माणूस माझ्या दारात उभा राहणार नाही. आमच्याकडे पाहुणे येतात."

गायत्रीने तिघींनाही सांगितलं की तुम्हाला हवं ते घ्या. ती तशीच आहे. डब्यातला लाडू कोणी मागितला तर दोन देते. सुंदराबाईंनी बराच विचार करून सोळावं ध्येय घेतलं, शांतता आणि न्याय. पुष्पाबाईंनी आपल्या हिशेबाने बारावं मागितलं, जपून वापरण्याचं, कारण ताटात टाकू नका अशी पाटी त्यांनीच लावली होती. अलकाताईंच्या गच्चीवर तुळस आणि दोन मनीप्लांट होते, म्हणून त्यांना जमिनीवरचं जीवन हवं होतं. ते पुलाच्या पुढच्या कडुलिंबाचं होतं. कडुलिंब काही बोलला नाही.

धर्मेंद्र मात्र बोलला. बारावं ध्येय त्याच्या टपरीवर होतं आणि त्याला ते मनापासून आवडलं होतं. त्याने प्लास्टिकचे कप बंद करून काचेचे ग्लास आणले होते.

"मेरा वाला किसको दे दिया, गुड़िया?"

"पुष्पामावशीला. भैया, तुम सत्रह ले लो. भागीदारी. रिक्षा स्टँडवाला."

त्याने ग्लास पुसत विचार केला. "चलेगा. लेकिन चाय का पैसा भागीदारी में नहीं होगा, सबको बोल देना."

आता उरली तीन ध्येयं, ज्यांना कोणीही दार द्यायला तयार नव्हतं. गरिबी, भूक आणि विषमता. गायत्री ती घेऊन घरी गेली. सुवर्णा साडीवर खडे चिकटवत होती. तिने वर न बघता विचारलं, "कुठे ठेवणार? जागा आहे का आपल्याकडे?"

"तीनच आहेत मम्मी."

"गरिबीला जागा दाखवायला नको. तिला घर माहीत आहे." सुवर्णाने एक खडा जागेवर दाबला. "पातेलं शेगडीवर ठेव. आणि तो तिरका माणूस?"

"तो खूप उंच आहे."

"खाटेखाली झोपव. फक्त साड्यांना त्याचा बूट लागता कामा नये. पार्टीच्या साड्या आहेत, डाग पडला तर व्यापारी पैसे कापेल."

उंट दाराच्या आत उभा राहिला, पातेलं शेगडीवर चढलं आणि दहावं ध्येय खाटेखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी गायत्री माझ्यासमोर सराव करायला उभी राहिली. गरिबी, भूक, घराबाहेर पडून आरोग्य, शिक्षण, समानता, नळ, वीज, लूम, मशीन. नऊपर्यंत ती धाडधाड आली. मग अलकाताईंच्या दाराशी पोचली आणि थांबली. तिथे आता दोन मनीप्लांट होते.

"दहावं?" मी विचारलं.

तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पंधरा ऑगस्टला ती कशी उभी होती ते मला तेव्हा कळलं.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. पुन्हा नऊ, आणि पुन्हा मनीप्लांट. मी अकरावं सांगितलं तर ती पुढचं सगळं पटापट म्हणायची. बारावं, पंधरावं, सोळावं आणि सतरावं यांच्या जागा बदलल्या होत्या, पण तिथे ती अडत नव्हती.

"ते कसं आठवतं?" मी विचारलं.

"त्यांनी ते भांडून घेतलंय ना सर. सोळावं म्हटलं की सुंदरामावशीचा चिमटा ऐकू येतो. दहावं कोणीच मागितलं नाही."

"ते खाटेखाली आहे, हे तर तुला माहीत आहे."

"माहीत आहे सर. पण तोपर्यंत मी घरापासून खूप लांब आलेली असते."

मी म्हटलं, "मग अलकाकाकूंना न सांगता तो माणूस परत त्यांच्या दारात उभा कर. मनातल्या मनात. त्यांना कसं कळणार?"

गायत्रीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खानावळीतलं ताट न धुता ठेवलं आहे. "मी शब्द दिलाय सर. त्यांच्याकडे पाहुणे येतात."

मी म्हटलं, उद्या बघू. उद्याही नऊपर्यंतच बघता आलं, परवाही. आणि मग स्पर्धेचा दिवस आला.

गल्लीतली माणसं स्पर्धेला येतील असं मला वाटलं नव्हतं. पण प्रत्येकीला आपलं ध्येय स्टेजवर कसं दिसतं ते बघायचं होतं. दिलीपभाईंच्या टेम्पोतून साड्यांची गाठोडी उतरवली आणि माणसं चढवली. धर्मेंद्रने टपरीला कुलूप लावलं. सुवर्णा पार्टीच्या साड्या पोचवून थेट आली. तिच्या बोटांना गोंद होता. दत्तूची दिवसपाळी होती, तो येऊ शकला नाही. सभागृहात पहिल्या रांगेच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखीव होत्या. सुंदराबाई त्यातल्या मधल्या खुर्चीवर बसल्या. एक स्वयंसेवक त्यांना उठवायला आला आणि दोन वाक्यांनंतर दुसऱ्या कामाला निघून गेला.

मागे वर्गातली मुलं होती. निखिलने मोबाइल बाहेर काढून ठेवला होता.

एका मोठ्या शाळेच्या मुलाने सतरा ध्येयं एका दमात म्हटली आणि नमस्कार करून गेला. एका मुलीने गाण्याच्या चालीत म्हटली. परीक्षक बाई मान डोलवत होत्या. मग गायत्रीचं नाव पुकारलं.

ती स्टेजच्या अगदी डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली. मधे माइक होता. परीक्षक बाई म्हणाल्या, "बेटा, माइकजवळ ये."

"माझं घर इथे आहे," गायत्री म्हणाली.

बाईंनी दुसऱ्या परीक्षकांकडे बघितलं. त्यांनी नियमांचा कागद बघितला. चालायचं नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

गायत्रीने पहिलं आणि दुसरं ध्येय घरातच म्हटलं. मग पायात चप्पल सरकवल्यासारखं केलं आणि निघाली. एकेका दाराशी थांबून, डोळे मिटून ती एकेक ध्येय सांगू लागली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. नळाशी आल्यावर तिने फ्रॉक जरा वर धरून उडी मारली, कारण आमच्या नळाशी कायम पाणी साचलेलं असतं. लूमच्या फाटकाशी डोकं खाली घातलं, कारण तिथे वाळत घातलेल्या साड्या लोंबतात. मुलं हसली. गायत्रीला ती दिसत नव्हती, ती गोडादऱ्यात होती.

नववं ध्येय सांगून ती एक घर पुढे गेली आणि थांबली.

सभागृहात आधी कोणाला काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं. पंखे फिरत होते. सुवर्णाने गोंद लागलेली बोटं एकमेकांत अडकवली. पुष्पाबाई पुढे वाकून तोंडावर हात धरून काही सांगू लागल्या, आणि परीक्षक बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"कोणी सांगायचं नाही! शांत बसा सगळे!" सुंदराबाई म्हणाल्या. त्या दिवशी सभागृहात त्याहून मोठा आवाज माइकमधूनही आला नाही. सोळावं ध्येय त्यांचंच होतं.

शांतता झाली. त्या शांततेत मागून कोणीतरी, मी नाव घेत नाही, हळूच म्हणालं, "बफरिंग."

गायत्रीने डोळे उघडले. ती आवाज आला तिकडे बघत नव्हती. ती अलकाताईंकडे बघत होती. अलकाताई हसत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं मला माहीत नाही, पण त्यांनी मान अगदी जराशी हलवली, जशी आपण दारात आलेल्या माणसाला आत बोलवताना हलवतो.

गायत्रीने मान नकारार्थी हलवली. शब्द दिला होता.

मग ती वळली आणि आली त्याच वाटेने परत निघाली. मशीनवरून, लूमच्या फाटकातून डोकं खाली घालून, विजेच्या डब्याजवळून. नळाशी तिने पुन्हा फ्रॉक वर धरला आणि उडी मारली. आता कोणी हसलं नाही. समानता, शिक्षण, आरोग्य. खानावळ. सुंदराबाईंचं दार. स्टेजच्या डाव्या टोकाला ती पोचली आणि थांबली. तिथे तिने खरोखरची चप्पल काढली आणि शिस्तीत बाजूला ठेवली, कारण घरात चप्पल घालून जात नाहीत. दाराच्या आतल्या उंटाला वळसा घातला. शेगडीवरच्या पातेल्याला धक्का लागणार नाही असा पाय टाकला. मग दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून ती खाली वाकली, साड्या हाताने बाजूला केल्या आणि खाटेखाली बघितलं.

"दहा," ती खाटेखालून म्हणाली. "विषमता कमी करणे."

मग ती उठली, गुडघे झटकले, चप्पल घातली आणि अकराव्याकडे निघाली.